सोनपाखरू काडेपेटीत ठेवावे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील एका पालकांना, पहिले दोन-तीन पाऊस झाल्यावर वेताळ टेकडीवर फिरताना, बाभळीच्या फांदीवर एक मोठा चकाकणारा भुंगेरा दिसला. त्याचे डोके आणि मान हिरवी, मध्येच तांब्याची झाक मारणारी, आणि पाठ चिंचोक्यासारखी तपकिरी व तुकतुकीत होती. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीने तो घरी आणला. आजींनी पाहताक्षणी ‘हे तर सोनपाखरू’ असे सांगितले आणि आपण लहानपणी ते काडेपेटीत ठेवून त्याला बाभळीचा पाला घालत असू, ही आठवणही सांगितली. हा कीटक नेमका कोणता, तो किती जगतो, त्याला हा रंग कशामुळे येतो, मेल्यावरही तो रंग टिकतो हे खरे का, झाडांना त्याच्यापासून धोका आहे का, आणि त्याला घरी पाळावे का, असे त्यांनी विचारले आहे.

पुण्याच्या टेकड्यांवर आणि सह्याद्रीच्या रानांत भुंगेऱ्यांचा अभ्यास करण्यात माझी जवळजवळ तीस वर्षे गेली. सोनपाखराविषयी विचारणाऱ्या बहुतेकांचे लक्ष त्याच्या चकाकीवर खिळलेले असते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु आपण पाहतो ती चकाकी या प्राण्याच्या आयुष्यातील शेवटच्या काही आठवड्यांची असते. त्याआधीचे सगळे आयुष्य अंधारात, मातीत किंवा लाकडात गेलेले असते. पाळण्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या न दिसणाऱ्या भागात असल्यामुळे मी थोडे विस्ताराने लिहीत आहे.

आजींनी सांगितलेले नाव बरोबर आहे. मात्र ‘सोनपाखरू’ हे एकाच प्रजातीचे नाव नाही. ब्युप्रेस्टिडी या कुळातील चकाकणाऱ्या भुंगेऱ्यांना आपल्याकडे सरसकट ते नाव दिले जाते, आणि या कुळात जगभरात सुमारे १५,००० प्रजातींची नोंद झालेली आहे. आपण केलेल्या वर्णनावरून हा स्टर्नोसेरा क्रायसिस असावा. त्याचाच एक भाऊबंद, स्टर्नोसेरा स्टर्निकॉर्निस, अंगभर हिरवा असतो आणि त्याच्या पाठीवर फिकट पिवळसर ठिपक्यांचे खळगे असतात. ‘स्टर्नोसेरा’ या नावाचा अर्थ छातीवर शिंग असलेला असा आहे. भुंगेरा हळूच उताणा केल्यास पुढच्या पायांच्या दिशेने आलेला तो जाड, बोथट काटा मुलीला सहज दाखवता येईल. त्याने इजा होत नाही.

या कुळातील भुंगेरे ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. शरीर होडीसारखे, मागे निमुळते होत गेलेले असते, डोळे मोठे असतात, आणि शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, आखूड व करवतीसारख्या दातेरी असतात. उन्हाची तिरीप वाढली की ते चपळ होतात आणि ढगाळ हवेत सुस्तावतात. रात्री दिव्यावर येणाऱ्या भुंगेऱ्यांच्या गर्दीत ते शोधू नयेत, तेथे बहुधा हुमणीचे भुंगेरे असतात. फांदीला धक्का लागताच सोनपाखरू पाय आखडून सरळ खाली पडते आणि काही काळ मेल्यासारखे निश्चल राहते. गवतात पडलेला असा भुंगेरा मेला समजून उचलणाऱ्यांची पुढे तारांबळ उडालेली मी पुष्कळदा पाहिली आहे.

चकाकणारा प्रत्येक कीटक मात्र सोनपाखरू नसतो, आणि येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पाठीवर धातूसारखी निळी-हिरवी ढाल मिरवणारे रत्नढेकूण दिसायला भुंगेऱ्यांसारखे असले, तरी त्यांच्या पाठीवर मधोमध सरळ शिवण नसते, आणि तोंडाच्या जागी रस शोषणारी सोंड असते. खऱ्या भुंगेऱ्याच्या पाठीवर दोन कठीण कवचपंख एका सरळ रेषेत मिटलेले दिसतात. या दोघांपासूनही त्रास नाही. त्रास होतो तो फोड आणणाऱ्या भुंगेऱ्यांपासून, ज्यांना बाजरीच्या शेतांत हिंगे म्हणतात. त्यांतील काही काळे-नारिंगी पट्ट्यांचे, तर काही थेट निळ्या-हिरव्या धातूच्या रंगाचे असतात. त्यांचे अंग मऊ आणि मान बारीक असते, आणि डिवचल्यास त्यांच्या सांध्यांतून कॅन्थरिडीन नावाचे द्रव्य असलेला स्राव येतो, ज्यामुळे कातडीवर फोड उठतात. पावसाळ्याच्या शेवटी गवतावर आणि जास्वंदीच्या फुलांवर हे भुंगेरे सापडतात, म्हणून मुलांना आधी त्यांची ओळख करून द्यावी. ब्युप्रेस्टिडी या नावाचे मूळही बहुधा अशाच भुंगेऱ्याकडे जाते. प्राचीन ग्रीक भाषेत ‘ब्युप्रेस्टिस’ म्हणजे गुरांनी गवताबरोबर खाल्ल्यास त्यांना फुगवणारा किडा. लिनिअस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने ते नाव पुढे या निरुपद्रवी, चकाकत्या भुंगेऱ्यांना दिले.

आता रंगाविषयी. हळदीचा पिवळा किंवा कुंकवाचा लाल रंग हा त्या पदार्थातील रंगद्रव्याचा असतो. सोनपाखराच्या हिरव्या रंगासाठी असे कोणतेही हिरवे द्रव्य नसते. कवचाच्या सर्वांत वरच्या भागात अत्यंत पातळ थर एकावर एक रचलेले असतात, आणि एकेका थराची जाडी साधारण १०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग, इतकी असते. प्रत्येक थराच्या सीमेवरून थोडा प्रकाश परततो. थरांची जाडी ज्या रंगाच्या लहरींशी जुळते त्या रंगाचे परतलेले किरण एकमेकांना बळ देतात, बाकीचे एकमेकांना मारतात, आणि जे उरते ते खालच्या मेलॅनिन या काळसर रंगद्रव्यात शोषले जाते. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलच्या तवंगात दिसणारे रंग आणि मोरपिसाचे रंग याच तत्त्वावर निर्माण होतात. म्हणून भुंगेरा हातात तिरका केला की हिरवा रंग निळ्याकडे सरकतो. मुलीला हे उन्हात करून दाखवावे, कारण प्रकाशाविषयीचा इतका चांगला पाठ कोणत्याही प्रयोगशाळेविना मिळणे कठीण आहे.

रंग द्रव्यात नसून रचनेत असल्यामुळे, रचना शाबूत आहे तोवर रंगही टिकतो. जपानमधील नारा येथील होर्यू-जी मंदिरात सातव्या शतकातील एक लहान देव्हारा आहे. त्याच्या नक्षीच्या कांस्याच्या पट्ट्यांखाली सोनपाखरांचे पंख बसवले होते. त्यांतील बहुतेक झडून गेले असले, तरी जे थोडे उरले आहेत ते आजही चमकतात. जर्मनीतील मेसेल येथील खाणीत सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या सोनपाखरांचे जीवाश्म सापडले आहेत, आणि दगडात दबलेल्या त्या पंखांवरही धातूची चकाकी दिसते. तेव्हा मेल्यावर रंग टिकतो का, या प्रश्नाचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे.

याच्या नेमके उलट वागणारा एक कीटक पुण्यातच आहे आणि तुलनेसाठी तो अवश्य पाहावा. नदीकाठी व तलावाकाठी माजलेल्या बेशरमीच्या पानांवर सोनेरी कासवभुंगेरा मिळतो. त्याच्या पारदर्शक कडांच्या मधोमध अस्सल सोन्याचा थेंब ठेवल्यासारखा दिसतो. त्याचेही सोने थरांचेच, पण ते थर ओलाव्यावर अवलंबून असतात. कीटक मरून सुकला की ते सोने काही तासांत वा दिवसांत मावळते आणि हाती मळकट तपकिरी टरफल राहते. विद्यार्थिदशेत मी मोठ्या हौसेने असे अनेक कासवभुंगेरे टाचणीला लावले होते. आठवड्याने पेटी उघडली तेव्हा एकही सोनेरी उरला नव्हता, आणि संग्रहासाठी जीव घेण्याविषयी मी पहिल्यांदा गंभीरपणे विचार केला तो त्या दिवशी.

टिकाऊ रंगाची किंमत सोनपाखरांना माणसाच्या हातून मोजावी लागली. मुघल काळापासून आपल्याकडे वस्त्रांवर सोनपाखरांचे पंख टाकून भरतकाम होत असे, आणि एकोणिसाव्या शतकात अशी वस्त्रे युरोपात मोठ्या प्रमाणावर गेली. १८८८ मध्ये लंडनच्या रंगमंचावर एलेन टेरी या अभिनेत्रीने लेडी मॅकबेथच्या भूमिकेत घातलेल्या हिरव्या पोशाखावर सुमारे एक हजार पंख शिवलेले होते. अलीकडे, २००२ मध्ये, ब्रुसेल्सच्या राजवाड्यातील एका दालनाचे छत सुमारे १४ लाख पंखांनी मढवले गेले. हे पंख मेलेल्या भुंगेऱ्यांचेच असतात, असे विक्रेते सांगतात. तरीही हौसेखातर असे दागिने विकत घेण्याच्या मी विरोधात आहे, कारण मागणी वाढली की जिवंत आणि मेलेला हा भेद रानात कोणी पाळत नाही.

इतका भडक रंग घेऊन हा प्राणी पक्ष्यांच्या नजरेतून सुटतो तरी कसा, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळत होता. २०२० मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी स्टर्नोसेराच्याच एका प्रजातीच्या कवचपंखांखाली अळ्या ठेवून ते पंख झुडपांच्या पानांवर चिकटवले. काही पंख मूळचे, रंग बदलणारे होते, तर काही एकसारख्या स्थिर रंगाने रंगवलेले होते. पक्ष्यांनी रंग बदलणाऱ्या पंखांवर इतरांपेक्षा कमी हल्ले केले आणि माणसांनाही ते शोधणे अधिक कठीण गेले. विशेषतः चकचकीत पानांवर ही चकाकी लपण्याच्या कामी येते, कारण कोनागणिक बदलणाऱ्या रंगामुळे आकाराची कड डोळ्याला पकडता येत नाही. टेकडीवर याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. पाऊस पडून गेल्यावर ओल्या बाभळीत, जेथे प्रत्येक पर्णिकेवर थेंब लखलखत असतो, तेथे हातभर अंतरावरचे सोनपाखरूही चटकन दिसत नाही. तळहातावर ठेवल्यावर भडक वाटणारा रंग त्याच्या जागी भडक नसतो.

रंगाला जोडीदार ओळखण्याचेही काम असते. ऑस्ट्रेलियातील या कुळातील एका मोठ्या तपकिरी भुंगेऱ्याचे नर रस्त्याकडेला फेकलेल्या तपकिरी, खडबडीत ठिपक्यांच्या बिअरच्या बाटल्यांना मादी समजून त्यांना चिकटून बसतात, असे ग्विन आणि रेन्ट्झ या दोन कीटकशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये नोंदवले. रंग, चकाकी आणि पृष्ठभागाचा पोत एवढ्या तीनच खुणांवर त्या नराची ओळख उभी होती आणि काचेच्या बाटलीत त्या तिन्ही सापडल्या. बाटली सोडून न जाता उन्हात मरणारे नर, आणि त्यांचे लचके तोडणाऱ्या मुंग्या, असे ते दृश्य होते. रानात टाकलेला कचरा प्राण्यांना कोणकोणत्या मार्गांनी फसवतो, हे यावरून कळते.

आता त्या न दिसणाऱ्या आयुष्याकडे येऊ. स्टर्नोसेराची मादी झाडाच्या बुंध्याजवळच्या मातीत अंडी घालते. भुंगेऱ्याच्या मानाने ती बरीच मोठी, जवळपास तांदळाच्या दाण्याएवढी असतात. अंड्यातून निघालेली अळी मातीत उतरते आणि मुळे कुरतडून वाढते. तेथे एका वर्षाहून अधिक काळ काढून ती मातीतच कोषावस्थेत जाते, आणि पावसाने माती भिजून मऊ झाली, बाभळीला व बोरीला कोवळा पाला फुटला, की प्रौढ भुंगेरा वर येतो. त्यानंतर त्याच्या हाती काही आठवडेच असतात. त्यात त्याला पाला खायचा, जोडीदार शोधायचा आणि मादीला अंडी घालायची असतात. श्रावण-भाद्रपदात बाभळीखाली पडलेले सुटे पंख सापडतात, ते हा हंगाम उरकल्याची खूण असतात.

या कुळातील बहुसंख्य प्रजातींच्या अळ्या मात्र मातीत नव्हे, लाकडात वाढतात. सालीच्या भेगेत घातलेल्या अंड्यातून निघालेली अळी पांढरी, बिनपायांची असते आणि तिच्या छातीचा पहिला भाग इतका रुंद व चपटा असतो की तेच डोके आहे असा भास होतो. सालीखाली ती चपटे, वळणावळणाचे बोगदे कोरत जाते आणि मागचा बोगदा भुसा व विष्ठेने घट्ट भरून टाकते. बाहेर पडताना प्रौढ भुंगेरा सालीला लंबगोल भोक पाडतो, आणि अग्रिलस या प्रजातिसमूहात ते एका बाजूने सपाट, अर्धचंद्रासारखे असते. वठलेल्या झाडावरील अशी भोके वाचता येऊ लागली की आत कोण राहून गेले हे बऱ्याच अंशी सांगता येते.

लाकडातील आयुष्य किती लांबू शकते याचे एक उदाहरण थक्क करणारे आहे. उत्तर अमेरिकेतील ब्युप्रेस्टिस ऑरुलेंटा या प्रजातीचा एक भुंगेरा १९८३ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात एका घराच्या लाकडी जिन्यातून बाहेर पडला, आणि तो जिना बसवून तेव्हा ५१ वर्षे झाली होती. झाडात असताना दोन-चार वर्षांत संपणारी अळीची अवस्था कोरड्या, निकस लाकडात इतकी ताणली जाते. याउलट मेलॅनोफिला या काळ्या भुंगेऱ्यांना आगीचीच ओढ असते. त्यांच्या छातीच्या दोन्ही बाजूंना उष्णतेचे अवरक्त किरण टिपणाऱ्या खाचा असतात, आणि त्यांच्या साहाय्याने ते दुरून वणव्याकडे उडत येतात, कारण नुकतेच होरपळलेले झाड त्यांच्या अळ्यांना रस वा डिंक सोडून रोखू शकत नाही. आपल्या टेकड्यांवरील भुंगेऱ्यांना वणव्याचा असा काही लाभ नाही. फेब्रुवारी ते मे या काळात कोणीतरी लावलेली आग वाळलेल्या फांद्यांतील अळ्या फांद्यांसकट जाळून टाकते.

झाडांना धोका आहे का, याचे उत्तर सरसकट देता येत नाही. बाभळीचा थोडा पाला स्टर्नोसेरा खातो, त्याने बाभळीचे काही बिघडत नाही. लाकूड पोखरणाऱ्या प्रजाती प्रामुख्याने मरणासन्न, जखमी किंवा वठलेल्या झाडांकडे जातात, आणि निरोगी झाड रस व डिंक सोडून अळीला बुडवते. शेतीत मात्र स्फेनोप्टेरा या प्रजातिसमूहातील अळ्या भुईमुगाचे व कपाशीचे खोड पोखरतात, ते नुकसान खरे आहे. परका भुंगेरा नव्या प्रदेशात गेला तर काय होते, हे अमेरिकेने पाहिले. पूर्व आशियातील अग्रिलस प्लॅनिपेनिस हा चिमुकला हिरवा भुंगेरा २००२ मध्ये मिशिगन राज्यात सापडला, आणि त्याने तेथील ॲश जातीचे कोट्यवधी वृक्ष मारले, कारण त्या झाडांना त्याच्याविरुद्ध लढण्याची सवय नव्हती. पुण्यातील सोसायट्यांच्या आवारात सालीवर अशी भोके दिसली की लगेच औषध फवारण्याची मागणी होते. माझ्या अनुभवात अशा झाडाचे खरे दुखणे बहुतेक वेळा बुंध्यापर्यंत केलेले काँक्रीट, खोदकामात तुटलेली मुळे किंवा उन्हाळ्यातील पाण्याचा तुटवडा हे असते, आणि भुंगेरा त्यानंतर आलेला असतो. बुंध्याभोवतीची माती मोकळी करून झाडाला पाणी द्यावे. फवारणीचे औषध सालीखालच्या अळीपर्यंत पोहोचतही नाही.

टेकड्यांवर हिवर, खैर, बाभूळ, बोर ही काटेरी झाडे तोडून किंवा त्यांच्या जागी गिरीपुष्पाची एकसुरी लागवड करून हिरवळ वाढल्याचे समाधान मिळते, पण सोनपाखरांना त्या हिरवळीचा उपयोग नाही. ‘स्वच्छते’च्या नावाखाली वाळलेले ओंडके उचलून नेणे हेही तितकेच घातक आहे. पडलेला ओंडका ही पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांतील भुंगेऱ्यांची वस्ती असते. टेकडीप्रेमी मंडळींनी श्रमदानात प्लास्टिक जरूर उचलावे, लाकूड मात्र जागच्या जागी राहू द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

राहिला काडेपेटीचा प्रश्न. आजींच्या पिढीत गावोगावच्या मुलांनी सोनपाखरे पाळली, त्यात प्रेम होते, आणि अनेकांना कीटकांची पहिली गोडी त्यातूनच लागली. परंतु काडेपेटीत घातलेल्या अंड्यांतून अळ्या निघाल्या तरी त्यांना ना माती मिळे ना मुळे, आणि त्या मरून जात. पूर्वी गावाभोवती बाभुळबने होती, तेव्हा हे नुकसान भरून निघत असे. आज शहराच्या मधोमध उरलेल्या टेकडीवर एक अंडी घालणारी मादी कमी होणे ही लहान गोष्ट नाही. म्हणून आपल्या मुलीने एक-दोन दिवस, हवा खेळणाऱ्या बरणीत, ताजा बाभळीचा पाला घालून सोनपाखराचे निरीक्षण करावे, चित्र काढावे, आणि मग ऊन असलेल्या सकाळी ज्या बाभळीवरून आणले त्याच बाभळीवर त्याला परत सोडावे. बरणीत अंडी घातलेली आढळली, तर ती बोटाने न दाबता पानावर उचलून त्याच बुंध्याजवळच्या भुसभुशीत मातीत, दोन बोटे खोल, ठेवावीत.

संग्रहाचीच हौस असेल, तर भाद्रपदानंतर बाभळीखाली मेलेली सोनपाखरे आणि गळलेले पंख मिळतील. ते सावलीत वाळवून कोरड्या डबीत ठेवावेत आणि सोबत एका चिठ्ठीवर पेन्सिलीने तारीख, ठिकाण आणि झाडाचे नाव लिहावे. शाई पुसट होत जाते, पेन्सिलीचे अक्षर टिकते, आणि अशी चिठ्ठी सोबत असलेला एक तुटका पंखदेखील अभ्यासकाला बिनचिठ्ठीच्या पेटीभर भुंगेऱ्यांपेक्षा अधिक उपयोगी पडतो.